एका खिळ्यावरचे तीन कोट

१

साल १९९७, महिना एप्रिल. ईस्टर होऊन आठवडा झाला होता, आणि हळद-व्हिनेगरात मुरवलेल्या माशांची बरणी माझ्या घरी अजून अर्धी शिल्लक होती, म्हणून महिना पक्का लक्षात आहे. सोमवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. सेंट ऑस्विन वैद्यकीय महाविद्यालयाचं दप्तर सांभाळणाऱ्या मिसेस व्हॉस्लू बोलत होत्या.

"हेस्टर, बसून घे आधी."

"बसलेय. कोण गेलं?"

"माणूस नाही. पाकीट गेलं. मकालिमाचं."

मी खरोखरच बसले.

मी त्या कॉलेजात सदतीस वर्षं काम केलं. विकृतिशास्त्र विभागात. बरण्या धुणं, त्यांत द्रावण भरणं, चिठ्ठ्या लावणं आणि विद्यार्थ्यांचे पांढरे कोट धुऊन इस्त्री करणं. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती. पण पोर्ट एलिझाबेथमध्ये सेंट ऑस्विनचं काही बिघडलं की फोन अजून माझ्याकडेच यायचा. तिथं जुनं माहीत असलेलं माणूस दुसरं उरलंच नव्हतं.

वर्णभेदाची राजवट नुकतीच संपली होती, आणि ते दिवस देशभर जुन्या अन्यायांच्या कबुल्यांचे होते. आमचं कॉलेजही पुढच्या शुक्रवारी आपल्या जुन्या काळ्या विद्यार्थ्यांची जाहीर माफी मागणार होतं. नुसती माफीच नाही. कौन्सिलनं ठराव केला होता: वंशापायी ज्याला अन्यायानं काढलं असेल त्याला परत प्रवेश, राहिलेलं शिक्षण मोफत. मात्र अन्याय कागदावर सिद्ध झाला पाहिजे.

असा माणूस एकच होता. वुयानी मकालिमा. १९५९ साली शेवटच्या परीक्षेला सात महिने असताना त्याला काढलं. चौकशीचे कागद लाखेनं बंद केलेल्या तपकिरी पाकिटात होते, आणि ते शुक्रवारी सर्वांसमोर फुटायचं होतं.

"पाकीट नसलं तर?" मी विचारलं.

"तर रजिस्टरात एकच ओळ आहे, हेस्टर. 'मकालिमा, व्ही. कॉलेज सोडले.' काढलं असं कुठंच नाही. सेक्रेटरी म्हणतात, जो आपण होऊन गेला त्याला परत कसं घ्यायचं?"

"शेवटचं कधी पाहिलं होतंस?"

"शुक्रवारी दुपारी. तीनला मी कपाट उघडलं, चारला लावलं. त्या तासात खोलीत तीन माणसं येऊन गेली. तिघांच्याही सह्या आहेत माझ्याकडे." तिचा आवाज खाली आला. "आणि तिघांपैकी एकालासुद्धा चोर म्हणायची माझी छाती नाही."

२

कौन्सिलनं पोलिसांना कळवलं नाही. काम मेट्रन सिहलालींकडे दिलं. त्या जुन्या विद्यार्थ्यांच्या हकिगती गोळा करतच होत्या. काळ्यांच्या इस्पितळात तीस वर्षं मेट्रन, अंगानं भारदस्त, चालणं सावकाश. त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आल्या, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "वास कसला? मासे? मग आधी ते."

दोन तुकडे संपवून त्यांनी तीन नावं सांगितली. प्रोफेसर डिनेस राउटेनबाख: त्या वेळचे शवविच्छेदनाचे शिक्षक, मकालिमाला काढण्याच्या कागदावर सही त्यांची. डॉक्टर लोगन चेट्टी आणि डॉक्टर रेजिनाल्ड फॉर्टुइन: दोघेही मकालिमाचे वर्गबंधू. चेट्टी भारतीय वंशाचे, फॉर्टुइन माझ्यासारखे मिश्र वंशाचे. त्या वर्गात गोरे नसलेले विद्यार्थी तेवढे तीनच होते. फॉर्टुइन आता शहरातले सगळ्यात नावाजलेले शल्यचिकित्सक आणि माफी समितीचे अध्यक्ष.

"फॉर्टुइनना सोडा," मी म्हणाले. "माझ्या बहिणीचं ऑपरेशन त्यांनी फुकट केलंय."

"त्यानं माझं काम सोपं होत नाही, सिस्टर," त्या म्हणाल्या. मी नर्स नव्हते, पण त्या सगळ्यांनाच सिस्टर म्हणायच्या. "मला तो दिवस सांग. पाकिटाचा नको. एकोणसाठचा."

मी सांगितला. टेबलावर गोऱ्या माणसाचं प्रेत असलं की राउटेनबाख घड्याळाकडे बघून म्हणत, "थँक यू, जंटलमेन." तेवढं ऐकलं की आमचे तिघे वह्या मिटून बाहेर जात. गोऱ्याचं उघडं शरीर त्यांनी बघायचं नाही असा नियम होता. काळ्या माणसाचं प्रेत सगळ्यांनी बघितलं तर चालायचं. मग आतलं काम झालं की भिंतीतल्या छोट्या खिडकीतून अवयव माझ्याकडे येत. मी ते धुऊन एनॅमलच्या ट्रेमध्ये मांडायची आणि पॅसेजमध्ये त्या तिघांना दाखवायची. कोणाचं काळीज, कोणाचं यकृत, काही नाही. नाव नाही, चेहरा नाही.

"म्हणजे तू हात लावायचास आणि त्यांनी बघायचंसुद्धा नाही."

"मी धुणारी होते, मेट्रन. धुणाऱ्याला सगळं चालतं."

त्या हसल्या नाहीत.

त्या सकाळी टेबलावर एक गोरी बाई होती. राउटेनबाखनी नऊला शरीर उघडलं आणि टेलिफोनसाठी ऑफिसात गेले. सव्वानऊला मदतनीस ओठो परतला तर एक पांढरा कोट टेबलावर वाकलेला. ओठो ओरडला. तो माणूस कोळशाच्या अंगणाकडच्या दारानं पळाला. कोट कडीत अडकला तो त्यानं अंगातून काढून टाकला. कॉलरच्या आत फितीवर नाव होतं: व्ही. मकालिमा.

"आणि कोट त्याचाच होता?"

"फीत मीच शिवली होती."

"मग अंगात तोच असेल."

अडतीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. "मेट्रन, गोऱ्या मुलांना प्रत्येकी एक खुंटी होती, वर आकडा. आमच्या तिघांसाठी तळघराच्या पॅसेजात एक खिळा होता. एकच. तिघांचे कोट एकावर एक. घाईत जो वर असेल तो अंगात. आठवड्यातून दोनदा तरी चुकीचा कोट घालून जायचे. मीच त्यांना ओरडायची."

मेट्रननी काटा खाली ठेवला.

"त्या वेळी सांगितलं होतंस?"

"विचारलं कोणी होतं?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मेट्रननीच त्यांना बोलावलं होतं. चौकटीतून आत येताना वुयानी मकालिमा सवयीनं वाकले. बासष्ट वर्षांचे, न्यू ब्रायटनच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारे. टोपी हातात धरून उभे राहिले.

"बसा, ताता," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं मेट्रन म्हणाल्या. "त्या सकाळी सव्वानऊला कुठं होतात?"

"बसमध्ये. आमची बस बंद पडली होती. दहाला पोचलो, खिळ्यावर दोनच कोट होते, त्यातला एक घातला. तेव्हाही हेच सांगितलं. बसमधल्या लोकांची साक्ष घ्या म्हटलं." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "बसमधले सगळे काळे होते."

"आणि आता काय पाहिजे तुम्हाला? नुकसानभरपाई?"

"परीक्षा," मकालिमा म्हणाले. "मला मानाची पदवी देऊ करतायत, मेट्रन. झूल घालून फोटो. ती नको. सात महिन्यांचा अभ्यास आणि परीक्षा राहिलीय, ती द्यायची आहे. नापास झालो तर झालो. पण त्याला ते पाकीट लागतं."

ते गेल्यावर मेट्रननी ताट बाजूला सारलं. "पाकिटाची भीती कोणाला, सिस्टर? त्या दिवशी आत कोण होतं ते ज्याला लपवायचंय त्याला. आजचा चोर शोधायचा तर एकोणसाठचा माणूस शोधायला हवा."

"अडतीस वर्षांनी?"

"तिघांना एकच प्रश्न विचारू. त्या दिवशी ट्रेमध्ये काय होतं?"

मला वाटलं, बाई थकल्यात.

३

राउटेनबाख वॉल्मरला राहत. मोठी बाग, म्हातारा कुत्रा. चहा तीन कपांत आला. त्यांचा कप निळ्या फुलांचा, आमचे दोन साधे पांढरे.

"हे कप वेगळे आहेत, प्रोफेसर," मेट्रन म्हणाल्या.

"पाहुण्यांचे आहेत."

"हो. पाहुणे कुठले तेही कळतं."

त्यांचे कान लाल झाले. वय पंच्याऐंशी, पण पाठ ताठ. म्हणाले, पाकीट मी शुक्रवारी पाहिलं, हात लावला नाही. मला भाषण करायचंय, तारखा तपासायला गेलो होतो.

"भाषणात काय म्हणणार?"

"की तो काळ तसा होता."

"काळानं सही केली होती का कागदावर?"

"मेट्रन, कायदा मी केला नव्हता."

"नाही. 'थँक यू, जंटलमेन' कायद्यात कुठंच नाही. मी शोधलं." त्यांनी चहा ढवळला, प्यायला मात्र नाही. "त्या दिवशी ट्रेमध्ये काय होतं?"

म्हातारा गडबडला. हा प्रश्न त्यांच्या अपेक्षेत नव्हता. "मेंदूतला रक्तस्राव होता. बाकी… मला आठवत नाही."

"नोंदवही असेल ना?"

"गोऱ्यांच्या प्रेतांची वेगळी वही होती," मी मध्येच बोलले. "गोऱ्यांच्या विंगमध्ये, कुलपात. आम्हाला त्या खोलीत पाय टाकता येत नव्हता. मी निवृत्त होताना ती वही कॉलेजात नव्हतीच. कुठं गेली, प्रोफेसर?"

ते उठले. "मला दुपारी झोप लागते."

पण उठताना त्यांची नजर एकदाच, अगदी निसटती, मागच्या काचेच्या कपाटाकडे गेली. खालच्या फळीवर हिरव्या कापडाच्या बांधणीची जाड वही होती. पुठ्ठ्यावरचे सोनेरी आकडे मला बसल्या जागेवरून वाचता आले. १९५९.

४

"ज्यानं वही घरी आणली त्यानं पाकीटही आणलं असेल," मी गाडीत म्हणाले.

"असेल," मेट्रन म्हणाल्या. "चेट्टी कुठं बसतात?"

कॉर्स्टनला, दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर बाकावर बायका, पोरं, खोकला. चेट्टींनी आम्हाला आत घेतलं आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेला चहा मागवला.

"माझ्यावर संशय आहे ना? घ्या, घ्या. चाळीस वर्षांत माझ्याकडे कोणी इतकं लक्ष दिलेलं नाही. माझी बायकोसुद्धा देत नाही."

"शुक्रवारी कशाला गेला होतात?"

"माझे मार्क बघायला. मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही ढ होतात. त्याला पुरावा पाहिजे होता." ते हसले. "निघाला, तोही त्याच्याच बाजूनं."

"आणि ट्रेमध्ये काय होतं?"

चेट्टी लगेच म्हणाले, "मेंदू. रक्त साकळलेलं. यकृत बरं होतं, बाईसाहेब पीत नसाव्यात. आणि दोन मूत्रपिंडं, त्यातलं एक चपटं. पावावर कोणी बसलं की होतो ना, तसं. मी फॉर्टुइनला म्हटलं, हे बघ, बाई स्वतःच्या मूत्रपिंडावर बसल्या होत्या. तो हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसायचा. हेस्टर, तुला आठवतं?"

मला आठवत होतं. चपटं होतं खरं.

"मकालिमाला काढलं," मेट्रन म्हणाल्या, "तेव्हा त्याची इस्पितळातली उमेदवारीची जागा मोकळी झाली. गोरे नसलेल्यांसाठी दोनच जागा होत्या. एक फॉर्टुइनना मिळालीच होती. दुसरी कोणाला गेली, डॉक्टर?"

चेट्टींचा चहा अर्ध्यावर राहिला.

"मला," ते म्हणाले.

५

खरं सांगते, त्या रात्री माझ्या मनात चेट्टी आणि राउटेनबाख आलटून पालटून चोर ठरत होते. फॉर्टुइन एकदाही नाही.

ते आता समरस्ट्रँडला, समुद्रासमोर राहत. तिथं फक्त गोऱ्यांनी राहायचा कायदा गेल्यावर घर घेणारे आमच्यातले पहिले. आम्ही दोघंही साउथ एंडचे. सरकारनं गोऱ्यांसाठी साउथ एंड पाडलं तेव्हा त्यांचं घर गेलं त्याच आठवड्यात माझंही गेलं, आणि आमच्या गल्लीतली चिनी वाण्याची, मलायांची, भारतीयांची घरंही. त्यांची बायको म्युरियल हिनं वेणी घातल्यासारखे पाकातले कुकसिस्टर समोर ठेवले.

"हेस्टर, तू काही खात नाहीस. अजून माझ्यावर कोटासाठी रागावलीयस की काय?" फॉर्टुइन म्हणाले. बुटके, हात मात्र लांब, निमुळते, सुंदर. बोलताना ते हात कधी गप्प नसत.

"कुठल्या कोटासाठी, डॉक्टर?" मेट्रननी विचारलं.

"अहो, आम्ही एकमेकांचे कोट घालायचो. ही ओरडायची." ते गंभीर झाले. "पाकिटाचं मला फार वाईट वाटतंय. समितीचा अध्यक्ष मी. वुयानीसाठी दुसरा मार्ग काढू. मानाची पदवी आहे. फाउंडेशन आहे, मी स्वतः पैसे घालीन."

"त्यांना परीक्षा पाहिजे."

"ह्या वयात?" ते हळूच म्हणाले. "कशाला छळायचं त्याला?"

मग मेट्रननी तोच प्रश्न विचारला. फॉर्टुइन मागं रेलले. शल्यचिकित्सकाला शरीराबद्दल विचारलं की त्याचा चेहरा बदलतो, ते मी आयुष्यभर पाहिलंय.

"मेंदूतलं रक्त आठवतं. पण खरी गंमत मूत्रपिंडाची. डावं मूत्रपिंड वर चढलंच नव्हतं. खाली ओटीपोटात, कण्याच्या टोकापाशी, आतड्याच्या घडीखाली लपलेलं. लाखात थोड्यांना असतं. माझ्या साऱ्या कारकिर्दीत मी असं तीनदा पाहिलं. अठ्ठ्याहत्तरमध्ये एक पोरगा आणला होता पोटात गाठ म्हणून. दुसरा कोणी असता तर गाठ समजून काढून मोकळा झाला असता. मी सुरी थांबवली. मला ओळखता आलं."

"पोरगा जगला?"

"दोन मुलांचा बाप आहे तो आता."

"छान," मेट्रन म्हणाल्या आणि कुकसिस्टर उचलला.

गाडीत बसल्यावर त्यांनी चावी फिरवली नाही. "सिस्टर, त्या दिवशी मूत्रपिंडं ट्रेमध्ये कशी ठेवली होतीस? डावं डावीकडे, उजवं उजवीकडे?"

"छे. खिडकीतून दोन्ही सुटी, साफ कापून आली. एका वाडग्यात धुतली, त्याच वाडग्यात ठेवली. डावं कुठलं, उजवं कुठलं मलाही कळलं नसतं."

हे बोलून झालं आणि फॉर्टुइननी 'डावं' म्हटलेलं मला आठवलं.

६

आम्ही थेट वॉल्मरला गेलो. मेट्रननी प्रोफेसरना एवढंच म्हटलं, "वही काढा, नाहीतर शुक्रवारी माझ्या भाषणात तुमच्या कपाटाचा उल्लेख येईल."

म्हाताऱ्यानं वही काढली. पान उघडलं. अक्षर त्यांचंच. डावं मूत्रपिंड ओटीपोटात, चपटं.

"हे वर्गाला दाखवलंत?" मेट्रननी विचारलं.

"नाही. ह्यावर मला लेख लिहायचा होता. वर्ग अकराचा, त्याआधीच मी अवयव काढून घेतले. गोऱ्या मुलांनीही ते जागेवर पाहिलं नाही."

"कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. लेख राहून गेला. वही मी तेव्हापासून माझ्याच कुलपात ठेवली. त्या बाईच्या घरच्यांची इच्छा होती, तिची नोंद इतर वंशांच्या कोणाच्या हाती लागू नये." हे सांगताना तरी त्यांनी खाली बघितलं.

"म्हणजे ते मूत्रपिंड त्याच्या जागेवर पाहिलेली माणसं तीन. तुम्ही, ओठो, आणि जो आत शिरला तो."

"ओठो साठ सालीच वारला."

संध्याकाळी आम्ही पुन्हा समरस्ट्रँडला. म्युरियल चर्चच्या गायनाला गेली होती. फॉर्टुइननी दार उघडलं आणि आमच्या तोंडाकडे बघून चहाचं विचारलं नाही.

मेट्रन बसल्या. इस्पितळात नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना बसत असतील तशा, गुडघ्यांवर हात ठेवून.

"डॉक्टर, ट्रेमधल्या अवयवाला पत्ता नसतो. चेट्टींना एक चपटं मूत्रपिंड दिसलं. तेवढंच दिसणं शक्य होतं. तुम्हाला ते डावं होतं हे माहीत, कण्याच्या टोकाशी होतं हे माहीत, आतड्याच्या घडीखाली होतं हेसुद्धा माहीत."

"आकारावरून अंदाज करता येतो," ते म्हणाले. "चपटं असलं की…"

"खाली असेल असा अंदाज येतो. बाजूचा येत नाही. घडीचा येत नाही. दुपारी तुम्ही अंदाज सांगत नव्हतात. डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होतात."

ते लांब हात पहिल्यांदाच मांडीवर निमूट पडले होते.

"मला फक्त बघायचं होतं," शेवटी ते म्हणाले. "पाच वर्षं आम्हाला तुकडे दाखवत होते, मेट्रन. दार उघडं दिसलं. एक मिनिट, म्हटलं. तिचा चेहरा नाही पाहिला मी. शपथेवर सांगतो. फक्त आत पाहिलं."

"शिकणं हा गुन्हा नव्हता," मेट्रन म्हणाल्या. "कोणाचा कोट अंगात आहे हे कधी कळलं?"

"दुपारी, नोटीस लागली तेव्हा. मी जायला निघालो होतो, राउटेनबाखच्या दारापर्यंत. माझी आई घरोघर कपडे धुऊन माझी फी भरत होती. मी दाराशी उभा राहिलो आणि परत फिरलो. मग उद्या जाऊ, परवा जाऊ असं करत…"

मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. "रेगी, त्याची आई तरी कुठं राणी होती?"

त्यांना रेगी मी एकोणसाठनंतर पहिल्यांदा म्हटलं.

ते उठून आत गेले आणि तपकिरी पाकीट घेऊन आले. लाख फुटलेली होती. "जाळायला घेतलं होतं. मग वाचलं. वाचल्यावर जाळता येईना. तुम्हीही वाचा."

ओठोचा जबाब होता, एक पान. शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'तो माणूस टेबलाशी पोचावा म्हणून पायाखालच्या स्टुलावर उभा होता.'

मेट्रननी ते दोनदा वाचलं. मला दारातून वाकून आत येणारे मकालिमा दिसले.

"हे राउटेनबाखनी वाचलं होतं," फॉर्टुइन म्हणाले. "खाली त्यांची सही आहे. त्यांना माहीत होतं की तो वुयानी नव्हता. एवढ्या उंच माणसाला स्टूल कशाला लागेल? पण कोणीतरी एक काळा पाहिजे होता, नाव शिवलेला. शोधायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत." त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "आणि मी गप्प राहून त्यांना तसं करू दिलं."

"शुक्रवारी पाकीट मी दिलं तर एक गोष्ट होईल," मेट्रन म्हणाल्या. "तुम्ही दिलंत तर दुसरी. कौन्सिलला अन्याय सिद्ध झालेला पाहिजे. स्टूल अर्धं सिद्ध करतं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते तुम्ही बोलून सिद्ध करायचं, डॉक्टर."

७

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. मकालिमा तिसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर. राउटेनबाख पुढच्या रांगेत भाषणाचे कागद घेऊन. फॉर्टुइन व्यासपीठावर गेले तेव्हा मला खात्री नव्हती. म्युरियललाही नसावी, तिनं माझा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी रुतली.

त्यांनी पाकीट वर धरलं आणि म्हणाले, हे मी चोरलं. मग स्टुलाची ओळ वाचली. मग म्हणाले, त्या स्टुलावर मी उभा होतो. सगळं मिळून चार मिनिटं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळलं नाही, आणि ते बरंच झालं. पुढचं भाषण राउटेनबाखचं होतं. त्यांनी कागद उघडले, मिटले आणि म्हणाले, "सही माझी आहे. मी जबाब वाचला होता." आणि खाली बसले.

कौन्सिलनं त्याच दिवशी ठराव केला.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मिसेस व्हॉस्लू मुलीकडे पर्थला गेल्या. नाताळाला अजून कार्ड येतं. राउटेनबाख दोन वर्षांनी वारले. हिरवी वही त्यांच्या मुलीनं कॉलेजला आणून दिली, आता ती कोणालाही बघता येते. चेट्टींनी दवाखान्यातली एक खोली त्या उमेदवारीच्या जागेच्या बदल्यात मकालिमांना देऊ केली. म्हणाले, भाडं लावणार होतो, पण बायको मारील. मेट्रन सिहलाली २००३ साली मधुमेहानं गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला इतक्या नर्सा होत्या की रस्ता बंद करावा लागला.

मकालिमांना सातऐवजी अठरा महिने लागले; औषधं सगळी बदलली होती. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी परीक्षा दिली. एका विषयात नापास झाले, तो पुन्हा दिला आणि पास झाले. पदवीच्या दिवशी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी न्यू ब्रायटनहून दोन बस भरून आणल्या. नंतर दहा वर्षं त्यांनी कॉर्स्टनच्या त्या खोलीत रुग्ण तपासले.

फॉर्टुइननी समिती सोडली, शस्त्रक्रिया सोडली, लोकांत जाणं सोडलं. २००६ मध्ये त्यांना हृदयविकारानं अंथरुणाला खिळवलं. शहरातले मोठमोठे डॉक्टर त्यांचे शिष्य होते, पण त्यांनी निरोप कॉर्स्टनला पाठवला. मला वाटलं, मकालिमा जाणार नाहीत. ते गेले. मग दर बुधवारी जात राहिले, शेवटपर्यंत, नऊ महिने. नाडी बघत, छाती ऐकत, औषध लिहीत, निघत. म्युरियल सांगायची, दोघं हवामानापलीकडे काही बोलत नाहीत.

एकदा बसथांब्यावर मी मकालिमांना विचारलंच. "माफ केलंत का हो त्याला?"

त्यांनी वाऱ्याकडे तोंड करून टोपी नीट केली.

"मी त्याचा डॉक्टर आहे, हेस्टर," ते म्हणाले. "ते त्याला पुरेसं जड जातं." मग बस आली आणि ते चढले.